दांड्याला बांधलेला रुमाल

१ ऑगस्ट १९४६, गुरुवार

आज चार्ज घेतला. गिरणीचं पॉवरहाऊस ते कयाधू नदीवरचा पाण्याचा पंप, तीन मैल लाईन, तेहेतीसशे व्होल्ट, एक्क्याण्णव खांब. हाताखाली सहा माणसं. सगळी अडाणी, पण मनाने चांगली. घडवता येतील.

मॅनेजरसाहेबांनी विचारलं, खांबावर चढता ना? मी म्हणालो, माझा कोर्स थिअरीचा आहे. टपालाने केला, फर्स्ट क्लास. ते नुसतं हं म्हणाले. दीड महिना काम पाहून कायम करणार. दीड महिना कशाला, पंधरा दिवस पुष्कळ झाले.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. रोज दहा खांब तपासणे. चहा बंद.

२ ऑगस्ट, शुक्रवार

साडेसातला उठलो. चहा घेतला. प्रवासाचा शीण असतो.

पॉवरहाऊसमध्ये एक अजब प्रकार पाहिला. लाईनचा मोठा स्विच आहे. त्याच्या दांड्याला एक मळका रुमाल घट्ट बांधलेला. स्विचवर हरिचंद नावाचा इसम बसतो, त्याला विचारलं. म्हणाला, दगडोबा खांबावर हायेत. इथली रीत अशी की वर जाणारा आधी स्विच पाडून लाईन बंद करायला लावतो, डोक्याचा रुमाल सोडून दांड्याला बांधतो आणि बोडक्याने कामावर जातो. काम झालं की परत येऊन स्वतःच सोडतो. दुसऱ्याने गाठीला हात लावायचा नाही. दोघे गेले तर दोन रुमाल. सगळे सुटल्याशिवाय दांडा वर जात नाही.

म्हणजे तेहेतीसशे व्होल्टचा कारभार एका फडक्यावर! मी पोट धरून हसलो. हरिचंद हसला नाही. विनोदबुद्धी कमी दिसते.

३ ऑगस्ट, शनिवार

रुमाल बंद केला. सर्वांना रांगेत उभं करून समजावलं की नदीवरून एक माणूस रुमाल सोडायला तीन मैल चालत येणार आणि तोवर लाईन बंद, हे विसाव्या शतकात चालणार नाही. यापुढे परमिट. कागदावर नंबर, काम, माझी सही. काम झालं की कागद परत आणायचा, मी ‘पूर्ण’ लिहिणार, की लाईन चालू.

दगडोबा म्हणजे यांच्यातला जुना गडी. अकरा वर्षं खांबावर. तो म्हणाला, साहेब, कागद भिजतो. रुमाल भिजला तरी रुमालच ऱ्हातो. मी म्हणालो, कागदावर सही असते. तो म्हणाला, व्हय, ते बी हाये.

पटलं त्याला.

९ ऑगस्ट, शुक्रवार

वाशीमच्या प्रेसात शंभर परमिटं छापायला टाकली होती. पार्सल हद्दीवरच्या कनेरगाव जकात नाक्यावर अडकलं आहे. तिथल्या जमादाराला वाटतं की नंबर घातलेले कोरे कागद म्हणजे लॉटरीची तिकिटं. नमुन्याची दहा तेवढी हातात आली. काटकसरीने वापरणे.

दांड्यावर लावायला पत्र्याची पाटी रंगवून घेतली. ‘काम चालू, हात लावू नये.’ मराठी आणि इंग्रजीत. हरिचंदला वाचता येत नाही, पण पाटी सुरेख झाली आहे.

१७ ऑगस्ट, शनिवार

लालसिंगने विचारलं, साहेब, तुमी वर काहून येत न्हाई? हा तांड्यावरचा गडी, खांबावर खारीसारखा चढतो. मी उत्तर दिलं की सेनापती झाडावर चढून लढाई करत नाही. तो म्हणाला, बराबर.

शिस्त उत्तम. पंधरा दिवसांत एकही रुमाल दिसला नाही. मॅनेजरसाहेबांना तसा रिपोर्ट दिला. खांब तपासणे सोमवारपासून.

२६ ऑगस्ट, सोमवार

पोळा. कामावर कोणी नाही. शिडी वाहणाऱ्या छकड्याचे बैलसुद्धा रजेवर. परमिटं नऊ संपली, एक उरलं. पार्सल नाक्यावरच.

४ सप्टेंबर, बुधवार, दुपारी १२

सकाळी वादळ. दोन ठिकाणी नुकसान. वीस नंबरच्या खांबावर बाभळीची फांदी, आणि तिकडे अगदी नदीजवळ चौऱ्याऐंशीवर तार धरणारी चिनी मातीची वाटी फुटून तार लोंबते आहे. लाईन बंद. पंप बंद. पॉवरहाऊसच्या बॉयलरला पाणी पंपाचंच, टाकीत फार तर चार तासांचं. ते संपलं की सगळंच थंड.

मी डोकं शांत ठेवलं. लालसिंगला विसावर, दगडोबाला नदीवर धाडलं. परमिट एकच होतं, म्हणून दोन्ही कामं त्यावरच लिहिली. नंबर दहा. कागद लालसिंगजवळ दिला, कारण त्याचा खिसा कोरडा होता. अडचणीत मार्ग काढणारा तोच खरा इन्चार्ज.

सायंकाळी ६

लिहावं की नाही कळत नाही. दौत दोनदा सांडली. टेबल डुगडुगत असेल.

साडेतीनला लालसिंग परत आला. कागद दिला. टाकीत अर्ध्या तासाचं पाणी. मॅनेजरसाहेब घड्याळ हातात घेऊन माझ्या खांद्याशी उभे. मी दहा नंबरवर ‘पूर्ण’ लिहून सही ठोकली आणि हरिचंदला सांगितलं, दांडा वर कर.

तो उठला नाही. म्हणाला, न्हाई जमायचं. मी पाटी उचलली. पाटीखाली दगडोबाचा रुमाल.

महिनाभर हे लोक माझ्या पाटीखाली रुमाल बांधत होते! असा संताप आला. मॅनेजरसाहेबांसमोर बेशिस्त! मी स्वतः गाठ सोडायला लागलो. ओली होती, घट्ट बसलेली. नखांनी ओढली. चाकू मागितला. कोणी दिला नाही. मॅनेजरसाहेब म्हणाले, लवकर करा.

लालसिंगने माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाला, साहेब, दगडोबा तारेवर हाये. मी म्हणालो, परमिट पूर्ण झालं आहे. तो म्हणाला, माझं काम झालं म्हणून मी आलो, त्याचं मला काय ठाऊक? आणि त्याने हात काढला नाही.

तेव्हा मला तो कागद दिसला. माझंच अक्षर. विसावा खांब. खाली चौऱ्याऐंशी.

चार वाजून दहा मिनिटांनी दगडोबा दारात आला. बोडका, निथळत. टाकीत तळाशी वीतभर पाणी होतं. त्याने एका झटक्यात गाठ सोडली, रुमाल पिळून डोक्याला गुंडाळला आणि म्हणाला, घ्या लाईन.

पद्धत माझी बरोबरच होती. कागद कमी पडले.

५ सप्टेंबर, गुरुवार

जेवलो नाही. भाजी खारट होती.

दगडोबाच्या घरावरून जावं लागलं. त्याची बायको गोजरबाई दारातच होती. बसवून चहा दिला. म्हणाली, साहेब, तुमी आल्यापासून जिवाला बरं वाटून ऱ्हायलं. आधी ह्ये बोडके दिसले की मी दिवसभर दाराशी बसायची. आता तुमी कागदावर बराबर लिहून ठेवता म्हणं.

चहा तसाच खाली ठेवला. तिला खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. साखर जास्त आहे म्हणालो आणि निघालो.

९ सप्टेंबर, सोमवार

मॅनेजरसाहेबांचा हुकूम: कायम व्हायचं तर एकदा सर्वांसमोर खांबावर चढून दाखवा. आवारातला एक नंबर. हरिचंदने स्विच पाडला. मी पट्टा बांधून निघालो.

बारा फुटांवर पाय थांबले. ते का थांबले याचं शास्त्रीय कारण देता येईल, पण आज नको. वर नजर गेली. तारा जवळ दिसल्या. फार जवळ. डोक्यात एकच विचार: दांडा कोणाच्या भरवशावर खाली आहे? मी वरूनच ओरडलो की रुमाल बांधला का. माझ्या डोक्यावर टोपी. टोपीला गाठ मारता येत नाही.

पाटी होती. माझी पाटी मला आठवलीसुद्धा नाही.

दगडोबाने डोक्याचा रुमाल सोडला, आत जाऊन दांड्याला बांधला आणि खांबाखाली येऊन बसला. म्हणाला, बांधला साहेब. घाई न्हाई. आमी हाव इथं. मी वर एक तास चाळीस मिनिटं होतो. त्यातला बराच वेळ डोळे मिटून. तेवढा वेळ तो उन्हात बोडका बसून होता. मॅनेजरसाहेब केव्हा गेले, कळलं नाही.

मग मी वरूनच सांगून टाकलं. की त्या बुधवारी मी तुमची गाठ सोडत होतो.

दगडोबा म्हणाले, ठाऊक हाये. रुमालाचे धागे ओढलेले दिसले.

खाली आल्यावर त्यांनी मला दांड्यापाशी नेलं. तुमी गेलता वर, तुमीच सोडा, म्हणाले. मला सुटेना. त्यांनी बोट दाखवलं, हितून ओढा. सुटली.

१२ सप्टेंबर, गुरुवार

हुकूम आला. लाईनचे प्रमुख दगडोबा. मी त्यांच्या हाताखाली, मदतनीस. मॅनेजरसाहेबांना मी सर्व बाजूंनी तयार व्हावं असं वाटतं, असा याचा अर्थ.

नाक्यावरून पार्सल सुटलं. नव्वद परमिटं. हरिचंद विचारत होता, चुलीला चालतील का. देऊन टाकली.

बाजारात जाऊन रुमाल घेतला. लाल. दुकानदाराने विचारलं, लग्न कोणाचं. पॉवरहाऊसमध्ये जाऊन दांड्याला गाठ मारून पाहिली. सात वेळा मारली. सात वेळा आपोआप सुटली.

दगडोबांना विचारलं, आता कसं करायचं. ते म्हणाले, जमंल हळूहळू. तोवर तुमी वर गेले की माझाच बांधत जाईन.