बाबांच्या मक्याला समुद्राचं शेवाळ

ड्राख्तन, १२ जून

ती. येल्तियेताईस, सा. न. वि. वि.

तुझ्या कारखान्यातला समुद्रशेवाळाचा अर्क पोचला. गाईंच्या मुरघासाच्या चाऱ्यासाठी लावलेल्या मक्याला हे खत नव्हे, औषधही नव्हे, उन्हाचा ताण सोसायला बळ देणारं टॉनिक आहे, असं बाबांना समजावलं. त्यांनी डबा हुंगला आणि विचारलं, माझा मका काय पोहायला निघालाय? शेवटी वाटणी झाली. चरापलीकडचा मका माझा, शेवाळाचा. अलीकडचा बाबांचा, कोरा. माझा सरस ठरला तर गोठ्याचा कारभार माझ्याकडे. नाहीतर वर्षभर तोंड मिटून दूध काढायचं. पाठीशी राहा.

तुझा वीब्रन

ड्राख्तन, २० ऑगस्ट

ताई, सा. न.

घोळ झाला गं! पावसाचा पत्ता नाही, माझा मका पानांच्या सुरळ्या करून उभा, आणि बाबांचा हिरवागार. येईल त्याला चरापाशी नेऊन मिरवतात. काल डोक्यात प्रकाश पडला. फवारताना मी शेजारच्यांच्या मुलीला, आंकेला, हात करत होतो, त्या नादात ट्रॅक्टर चराच्या अलीकडच्या बाजूलाच वळवला. शेवाळ प्यायला बाबांचा मका! तसं सांगितलं, तर म्हणाले, हरणारे असंच बोलतात. आई हसता हसता कॉफी सांडून बसली. तूच काहीतरी कर.

तुझा बावळट भाऊ

हार्लिंगन, २७ ऑगस्ट

ती. बाबांस, येल्तियेचा सा. न.

वीब्रन खोटं बोलत नाही. तेवढी अक्कल त्याला कुठे? पोराचं ऐका. मी ख्रिसमसला येतेय, तोवर भांडू नका. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.

येल्तिये

ड्राख्तन, ९ ऑक्टोबर

चि. येल्तियेस अनेक आशीर्वाद.

मुरघास भरून झाला, वर प्लास्टिक अंथरून दाबायला जुने टायर ठेवले. माझ्याकडची कणसं दाण्यांनी ठासलेली, पलीकडची बोळकी. वीब्रन इतका तोंड पाडून दूध काढतो की गाईंनाही कीव येते.

पोरी, त्या फवारणीच्या दिवशी मी खिडकीतून सगळं पाहत होतो. ओरडणारच होतो, पण आंकेनेही हात केला. म्हटलं, मक्याचं काय ते होवो, पोराचं तरी जमू दे.

पुढच्या हंगामासाठी दुप्पट अर्क पाठव, दोन्ही बाजूंना लागेल. गोठा ख्रिसमसला त्याच्या हाती देतो. तोवर त्याला काही बोलू नकोस. इतका गप्प मुलगा मला जन्मात मिळाला नव्हता, थोडं सुख भोगू दे.

आईचे गोड पापे. आमच्यावर जीव आहेच, तो असाच राहू दे.

तुझे बाबा