झेंडूत चपला

अमरावती, १८ जुलै १९६४

शालूच्या बाबांचे सेवेशी शकुनचा शि. सा. न. वि. वि.

मी बरी आहे. शालिकरामदादा अन् वहिनी लय जपतात. मानेतल्या गाठींवर सुया सुरू व्हायच्या होत्या, पण तपासणीत पोटात जंत निघाले, म्हणून आधी जंताचं औषध. डॉक्टर म्हणाले, कॅन्सरची ही सुई गाठींसंगं अंगातली ताकदही मारते, मंग साधा जंतही जिवावर उठते. तो वल्ल्या मातीतून तळपायात शिरते म्हणे. सुया चालू राहतील तोवर मुळा, कच्चा भाजीपाला बंद, पाणी उकळून, अनवाणी पाय मातीत ठेवायचा नाही.

मी विचारलं, मंग वावरात कशी जाऊ? तर म्हणाले, चपला घालून. आता सांगा, देवाले जाणाऱ्या झेंडूत चपला! सासूबाई मले उभी करतील का? दोन सुयांच्या मधात आठ-दहा दिवस मोकळे भेटतील. घरची लय आठवण येते. येऊ का?

मायेत अंतर पडू देऊ नका.
शकुन

पातूर, २७ जुलै १९६४

चि. सौ. शकुन हिस देवीदासचे अनेक आशीर्वाद.

पत्र भेटताच बजारातून दोन जोड चपला आणल्या, एक तुहा, एक माहा. अन् मीच आधी चपला घालून झेंडूत हिंडलो. तू आल्यावर तुले एकटीले लाज नको. मायनं घर डोक्यावर घेतलं, सात पिढ्यांत असं कोणी केलं नाही म्हणे. दोन दिवस माह्याशी बोलली नाही. मंग तिनंच तुह्या चपलांले तेल लावून ठेवलं.

पण सुया संपेतोवर येऊ नको. वाफ्यात चिखल आहे, अन् तू चपला काढून फेकशील, मले का मालूम नाही? तुह्याबिगर घर खायले उठते. तरी नको येऊ.

तब्येतीले जप, एवढंच मागणं.
देवीदास

अमरावती, ३० सप्टेंबर १९६४

शालूच्या बाबांचे सेवेशी शि. सा. न. वि. वि.

डोक्यावरचे केस गेले, पाहून हसाल. काल डॉक्टरांनी सुया बंद केल्या. गाठी कमी होणं तर दूरच, पोटातही निघाल्या. दादा बाहेर जाऊन रडून आला, अन् मले म्हणे डोळ्यात कचरा गेला.

मी विचारलं, आता काय काय खायचं नाही? डॉक्टर म्हणाले, बाई, मनाले येईल ते खा, अनवाणी फिरा, घरी जा. मले समजलं. मी काही लेकरू नाही. पण खरं सांगू, घरी जा म्हटल्यावर जीव हरखला. मंग त्याचीच लाज वाटली.

दसऱ्याच्या घाईत तुमचा खोळंबा होईल, तरी न्यायले या.

तुमचीच,
शकुन

पातूर, ४ ऑक्टोबर १९६४

चि. सौ. शकुन हिस आशीर्वाद.

इतके दिवस तू येऊ का म्हणत होती अन् मी नको म्हणत होतो. आज ‘ये’ लिहायले हात उठून नाही राहिला. डॉक्टरानं पुन्हा सारं बंद करावं, मुळा बंद, माती बंद, घर बंद, अन् म्या तुले वर्षानुवर्षं नको येऊ, नको येऊ लिहीत राहावं, असं वाटून राहिलं.

मंगळवारच्या गाडीनं येतो. दसऱ्याचा झेंडू माय तोडून घेईल. शालूले मी काही सांगू शकलो नाही. आईले आता सारं खायची मुभा आहे, एवढं ऐकलं अन् ती पळत सुटली. आई बरी झाली म्हणून साऱ्या आळीत सांगून आली.

देवीदास