हॉलतिकिटावरचे चौकोन

कोल्हापूर,
१९ ऑगस्ट २००८

प्रिय प्रभुलिंग,

बेंगळुरूत बरा असशील. इकडं पंचगंगेचं पाणी उतरलं. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये दहा नव्या मशिनी आल्यात. तुझ्या जागेवर अजून कायमचं कुणी घेतलेलं नाही.

गेल्या आठवड्यात हुपरीच्या स्टँडवर तुझे वडील भेटले. म्हणाले, "जोतीराम, प्रभ्या म्हणतोय मी नियमानंच केलतं. तू हुतास की तितं. खरं काय ते सांग."

"आण्णा, बस आली," म्हणालो. बस माझी नव्हती, तरी चढलो.

आपल्या लॅबमधली प्रणाली तूच मला शिकवलीस. प्रत्येक पॅकेजच्या, म्हणजे प्रोग्रामच्या नाहीतर फॉन्टच्या, फोल्डरच्या नावात लांबलचक सांकेतिक अक्षरं असतात. पॅकेज तयार झालं की प्रणाली त्याच्या फायली चाळते. आत दुसऱ्या पॅकेजची अक्षरं सापडली, की हे चालताना ते दुसरं लागणार अशी नोंद करते. कुणालाच न लागणारी पॅकेजेस तेवढी साफसफाईत पुसली जातात. "म्हणून बिनधास्त साफ कर," म्हणायचास.

२००६ च्या मार्चमध्ये, हॉलतिकिटं छापायच्या आदल्या दिवशी तू साफसफाई केलीस आणि मराठी फॉन्टच गेला. चारशे बारा पोरांच्या नावांच्या जागी नुसते चौकोन. प्राचार्य सगळ्यांसमोर म्हणाले, "काय पुसावं एवढंही ह्यांना कळत नाही." तुझा करार तिथंच संपवला. तू माझ्याकडं बघत होतास.

फॉन्टचा पत्ता, म्हणजे त्याची ती सांकेतिक अक्षरं, छपाईच्या प्रोग्रामच्या एका फायलीत होता. डिस्कवर जागा कमी, म्हणून ते पॅकेज बनवताना मी ती फाइल झिप करून लहान केली होती. झिपमध्ये अक्षरं जशीच्या तशी राहत नाहीत. प्रणालीला ती सापडली नाहीत, तिनं फॉन्ट बिनकामाचा धरला. तुझी कमांड बरोबर होती. फॉन्ट पुन्हा बसवताना त्याच दुपारी मला हे कळलं. माझी नोकरी कायम व्हायची होती. गप्प बसलो.

काल प्राचार्यांना सगळं लेखी दिलं. वाचून एवढंच म्हणाले, "अडीच वर्षं?" आता चौकशी लागेल. नक्कल सोबत जोडली आहे.

तिथनं तडक हुपरीला गेलो. आण्णा पैंजणाला घुंगरू जोडत होते. मी बोलत होतो तोवर त्यांचे हात थांबले नाहीत. शेवटी म्हणाले, "हे मला कशाला सांगतोस? त्याला लिही."

माफी कागदावर मागत नाही. तुझ्यासमोर उभा राहून मागेन. येऊ का, एवढं कळव. नको म्हणालास तरी चालेल.

तुझा अपराधी,
जोतीराम