दिवाणांनी उचललेला भंडारा

तीर्थरूप आबा,

हे ‘तीर्थरूप’ लिहिताना आज पहिल्यांदा हात अडला. तुम्ही गेल्याला चाळीस वर्षं होऊन गेली, पण पत्र लिहावं असं कधी वाटलं नाही. भिंतीवरच्या फोटोशी बोलून भागत होतं. मंगळवारपासून मी त्या फोटोकडे बघितलेलं नाही.

मंगळवारी विश्रामबागेतल्या घरी एक म्हातारी आली. आमिनाबी, माझ्याच वयाची, नातवाचा हात धरून. गाव विचारलं तर म्हणाली, "तुमच्या आबांच्या तळ्याखालचं."

तुमचं तळं! अठ्ठाविसाव्या वर्षी तुम्ही साताऱ्याकडच्या त्या चिमुकल्या संस्थानाचे दिवाण झालात आणि तळं बांधलंत. ‘अख्खं गाव उठवलं, पण एक काठी उगारावी लागली नाही,’ हे जेवताना किती वेळा ऐकवलंत? पुढे शाळेत शिकवताना मीही ते पोरांना ऐकवलं, अगदी ताठ मानेनं. काठी का लागली नाही, हे विचारायचं मात्र सुचलं नाही.

ते आमिनाबीनं सांगितलं. "आवं बाई, दिवाणसायबांनी बिरोबाच्या देवळात भंडारा उचलला. म्हनले, पाटाखालची जमीन घरटी देतो. मग कोन शंका घेतंय? आमी मुसलमान, पर गावाचा देव त्यो आमचाबी. माझ्या बानं त्याच दिशी घराचं वासं काढलं."

देवाची हळद हातात घेऊन दिलेला शब्द, आबा. तिकडे पिढ्यांचे तंटे त्यावर मिटतात. तुम्ही कायदा शिकलेले, पण गाव कशावर विश्वास ठेवेल हे तुम्हाला बरोबर ठाऊक होतं.

मग संस्थान विलीन झालं. तुम्ही नव्या सरकारात नोकरीला लागलात, आपण सांगलीला आलो. कबूल केलेली जमीन मिळालीच नाही, म्हणून गावची माणसं तुम्हाला शोधत आली.

"दारात पिवळ्या रिबिनीची एक पोरगी आली," आमिनाबी म्हणाली. "म्हनली, आबा घरी न्हाईत. ती तुमीच न्हवं?"

मीच. तुम्ही माजघरात खुर्चीवर बसला होतात आणि मला हळूच म्हणालात, ‘सांग, आबा घरी नाहीत.’ बाहेर बापाचं बोट धरून एक मुलगी उभी होती. त्यांनी तुमच्यासाठी आणलेली काकवीची बरणी माझ्या हातात दिली आणि ते गेले. ती काकवी आपण आठवडाभर भाकरीशी खाल्ली. तुम्हीही खाल्लीत. घशाखाली उतरली कशी?

खोटं बोलायला तुम्हाला दुसरं कुणी मिळालं नाही? आठ वर्षांची होते मी. खोटं बोलले म्हणून त्याच वर्षी तुम्ही मला अंगणात उन्हात उभं केलं होतंत.

गावाच्या जमिनीची फाईल आता पुन्हा उघडली आहे, पण पुरावा नाही. "येखादा कागद असंल तर बघा," एवढंच ती म्हणाली. ती गेल्यावर मी तुमची ट्रंक उपसली. दरबारी पागोट्याखाली तो निघाला. घरवार यादी, कुणाला कुठली जमीन, खाली तुमची सही आणि संस्थानचा शिक्का.

म्हणजे तेव्हा तुमच्या मनात खोट नव्हती. मग कागद लपवलात का? नव्या साहेबांपुढे जुनं लचांड नको म्हणून? फाडून तरी टाकायचात. तुम्ही तो जपलात, म्हणजे रोज तुम्हाला ठाऊक होतं. याचाच मला जास्त राग येतो. गावाला फसवलंत तसंच मलाही फसवलंत, आणि मी तुमच्या गोष्टी सांगत म्हातारी झाले.

सोमवारी तो कागद घेऊन मी आमिनाबीबरोबर साताऱ्याला कचेरीत जाणार आहे. जमीन मिळेल का, ठाऊक नाही. तुमचं नाव खराब होईल, तर होऊ दे.

आणि एक शब्द देते, भंडारा न उचलता. यापुढे त्या गावचं कुणी दारात आलं, तर तुम्ही शिकवलेलंच वाक्य मी म्हणेन. आबा घरी नाहीत. मग दार पूर्ण उघडून म्हणेन, मी आहे, आत या.

तुम्ही दारात उभी केलेली,
सुमन