नवव्या ग्रहावरची पट्टी

प्रिय दादा,

तुम्हा खगोलशास्त्रज्ञांच्या परिषदेत नवव्या ग्रहाला ग्रहांतून काढायला तूही हात वर केलास म्हणे. अभिनंदन! तुझा एक हात वर गेला आणि इथे छापखान्यात सकाळपासून आम्हा सगळ्यांचे हात खळीने बरबटलेत. शाळांसाठी तीन हजार तक्ते छापून तयार होते, आता प्रत्येकावर त्या बापड्याच्या चित्रावर पांढरी पट्टी चिकटवतोय.

जेवताना आईला हे सांगितलं. तिने विचारलं, "त्याचं चुकलं काय पण?"

"लहान आहे, लांब आहे, थंड आहे, आणि वर्षानुवर्षं इकडे फिरकत नाही."

आईचा घास हातातच राहिला. "म्हणून काय घरातून काढून टाकायचं?"

मी ग्रहाबद्दलच बोलत होते रे, शपथ.

ती अजून रोज तुझं ताट मांडते. जेवणं झाली की मी ते कोरडंच उचलून ठेवते. तिला काय सांगू?

तुझा नवा पत्ता विचारायला तीनदा फोन केला. तू उचलला नाहीस. म्हणून हे पत्र तुझ्या ताटाखाली ठेवतेय. उद्या आई मांडेलच.

तुझी,
धाकटी