स्मार्ट कॅज्युअल, मुक्काम पोस्ट पाथर्डी

१२ एप्रिल
जिंकलो! हरितधन सीड्सच्या सुनील साहेबांचा फोन आला. त्यांच्या कपाशी बियाण्याचा तालुक्यात सर्वात जास्त खप आमच्या दुकानाचा. बक्षीस म्हणून क्रूझ. मुंबईहून मोठं जहाज, चार दिवस समुद्रात, दोन माणसं, खाणंपिणं कंपनीचं. मेच्या मध्यावर.
तिसगाव रोडच्या काकासाहेबाला लगेच फोन लावला. त्याच्या दुकानाला भिंतीवरचं घड्याळ मिळालंय. अभिनंदन म्हणाला, पण आवाज पडला होता. बरं वाटलं.
संकल्प: जहाजावर गावठी दिसायचं नाही.

१३ एप्रिल, दुपार
कंपनीने व्हॉट्सअॅपवर कपड्यांचे नियम पाठवलेत. दिवसा रिसॉर्ट वेअर, संध्याकाळी स्मार्ट कॅज्युअल, एक रात्र ट्रॉपिकल. मला सगळं समजलं, तरी खात्री करावी म्हणून सुनीलला विचारलं. तो म्हणाला, आप्पा, हलकं, सैल, सुती आणि रंगीत. समुद्रावर लई उकडतं. हाफ पँट चालते. पायात साधी चप्पल.
माझा आयुष्यभराचा पोशाख पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, पांढरी टोपी, कडक इस्त्री. मागे पंचायत समितीला उभा राहिलो तेव्हा अडचण नको म्हणून दुकानाचं लायसन बायकोच्या, मनकर्णाच्या नावावर केलं. निवडणुकीत पडलो. लायसन तसंच राहिलं, पोशाखही तसाच राहिला. अर्थात नावावर म्हणजे कागदावर. दुकान माझंच. मी बाहेर खुर्चीत बसतो, पेपर वाचतो, माणसं जोडतो. ती आत काउंटरला असते. ते काय, कुणीही करेल.
मनकर्णाला क्रूझचं सांगितलं. ती म्हणाली, व्हय, सुनीलनं सकाळीच सांगितलं मला. त्याने आधी तिला का सांगितलं कळत नाही. सुनीलला शिस्त नाही.

१८ एप्रिल
ऑनलाइन पार्सल आलं. फुलाफुलांचे तीन शर्ट, दोन हाफ पँट, एक लिनन शर्ट, गवताची हॅट, गॉगल.
हाफ पँट घालून अंगणात ट्रायल घेतली. माझ्या पोटऱ्यांना लग्नानंतर ऊन लागलेलं नाही. सोललेल्या मुळ्यासारख्या दिसतात. शेजारच्या रंगुबाई पाणी भरत होत्या. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि मनकर्णाला विचारलं, आप्पांच्या पायाला लागलंय का गं, पायजमा कापावा लागला व्हय? मनकर्णा हसली नाही. पदर तोंडाला लावून आत गेली. तिला माझ्याबद्दल आदर आहे.

२० एप्रिल
लिनन शर्ट पिशवीतूनच चुरगळलेला निघाला. फसवणूक. कंपनीच्या नंबरवर तक्रार केली तर पोरगी म्हणाली, सर, लिनन असंच असतं, तीच स्टाईल आहे. चुरगळलेलं घालून फिरायला मी काय एसटीत झोपून आलोय?
सगळे कपडे लाँड्रीत दिले. सवयीप्रमाणे सांगितलं, भरपूर कांजी, कडक.

२२ एप्रिल
कपडे आले. लिनन शर्ट जमिनीवर ठेवला तर उभा राहतो. फुलाफुलांच्या शर्टाचे हात दोन्ही बाजूंना पसरलेत, खाली येत नाहीत. हाफ पँटमध्ये बसलं की पापड मोडल्यासारखा आवाज होतो. लाँड्रीवाल्याला अक्कल नाही. सांगितलं म्हणून काय सगळंच ऐकायचं?
पण लांबून पाहिलं तर रुबाब आहे. राहू द्यावं.

२४ एप्रिल
आज मनकर्णाने विषय काढला. मुलगी ज्ञानेश्वरी भिंगारला असते, तिच्या मिस्टरांची तिथे मिलिटरीच्या ऑफिसात नोकरी. तिने आईसाठी दोन कुर्ते आणि दोन पँट घेऊन ठेवल्यात म्हणे. मनकर्णा म्हणाली, जहाजावर तेवढं घालते. गावात नाय घालनार.
मी मोकळ्या विचारांचा माणूस आहे. शांतपणे समजावलं की पुरुषाने पोशाख बदलला तर तो आधुनिक होतो, पण घरातल्या बाईने बदलला तर इभ्रत जाते. जिल्ह्यातली माणसं असणार जहाजावर. साड्या घ्यायच्या, पदर डोक्यावर.
ती म्हणाली, तिथं वारं असतंय म्हनत्यात. पदर राहील कसा?
मी संध्याकाळी बाजारातून सेफ्टी पिनांचं पाकीट आणून तिच्या हातात दिलं. मी तिच्या अडचणींचा विचार करतो, हे तिला कळलं असावं. पाकीट हातात घेऊन बराच वेळ बघत होती.

२७ एप्रिल
जहाजावर पोहण्याचा तलाव आहे. सराव करावा म्हणून मळ्यातल्या विहिरीवर गेलो. पाणी नाही. तळाला टँकरने ओतलेलं थोडं होतं, त्यात उतरलो तर शेजारचा आबासाहेब वरून ओरडला, आप्पा, ते जनावरांचं हाय, पाय नका बुडवू!
पोहायचं रद्द. काठावर गॉगल लावून बसायचं. श्रीमंत लोक तेच करतात.
उन्हाची सवय म्हणून टोपी न घालता परत आलो. रात्री डोकं धरलं. मनकर्णाने कांदा चेचून टाळूवर ठेवला. कांजीच्या शर्टाला वास लागला.

१ मे
चौकात फ्लेक्स लागला! "समुद्रसफरीस हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक: मित्रमंडळ." मित्रमंडळाचं बिल मीच दिलं, पण भावना त्यांची.
फ्लेक्सवर मी गॉगल लावून, हॅट घालून. मागे जहाज, चार मजली. मनकर्णाचा फोटो बसत नव्हता. फ्लेक्सवाला म्हणाला, जहाज बारीक करू का? म्हणालो, जहाज राहू दे.
संध्याकाळी सभागृहात सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा. मी समुद्र आणि शेतकरी या विषयावर बोललो. माणसं कमी होती, लग्नाची तीथ दाट. काकासाहेब आला होता. पहिल्या रांगेत बसून घड्याळाकडे बघत होता.
घरी येताना मनकर्णा चौकात थांबली. फ्लेक्स पूर्ण वाचला. खाली छपाईवाल्याचा मोबाईल नंबर असतो, तोसुद्धा वाचला. आनंदाने भरून आलं असेल.

५ मे
सुनीलचा फोन. तिकिटं निघाली म्हणाला. मी म्हणालो, माझ्या नावाचं स्पेलिंग नीट बघ. तो म्हणाला, आप्पा, तुमचं नाव न्हाई त्यात.
बक्षीस प्रोप्रायटरला असतं. लायसन मनकर्णाच्या नावावर. म्हणजे एक तिकीट तिचं. बरोबर कोण येणार ते प्रोप्रायटरने सांगायचं असतं. तिने दोन तारखेला सांगितलं. ज्ञानेश्वरी.
मी म्हणालो, चुकून झालं असेल, बदल. तो म्हणाला, वहिनींना दोनदा विचारलं मी.
आत गेलो. ती बियाण्याच्या पिशव्या रचत होती. आवाज न चढवता विचारलं, हे काय आहे? ती म्हणाली, दोघंबी गेल्यावर दुकान कोन बघनार? मी म्हणालो, मग ज्ञानेश्वरी बघेल, तू आणि मी जाऊ. ती म्हणाली, तुमी हाय की चौकातल्या जहाजावर. सगळं गाव बघतंय.
एवढं बोलून तिने पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. चारचौघांत मी वाद घालत नाही.

७ मे
ज्ञानेश्वरीला फोन केला. बापाची जागा घेतेस, लाज वाटते का, असं स्पष्ट विचारलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, आप्पा, आईनं आजवर समुद्र पाहिलेला नाही. तुम्ही दरवेळी कंपन्यांच्या डीलर मीटच्या सहलीला एकटे गेलात. आणि परवा ती मला फोनवर म्हणाली, मला पिना टोचून बसायचं न्हाई गं.
पोरींना शिकवलं की अशी उत्तरं येतात.
कंपनीच्या मोठ्या साहेबांना लावला. त्यांनी विचारलं, आपण कोण? म्हणालो, दुकानाचा मालक. ते म्हणाले, मालक तर मनकर्णाताई आहेत ना?
फोन कट झाला. म्हणजे मीच केला.

९ मे
पूर्ण विचारांती ठरवलं: मी क्रूझला जाणार नाही. कारणं भक्कम आहेत. खरिपाचा सीझन तोंडावर. पाठ दुखते. समुद्राची हवा माझ्या प्रकृतीला मानवेल असं वाटत नाही. शिवाय एकदा तरी बाईमाणसाला बाहेर पाठवावं, हा विचार माझाच होता असं सांगता येईल.
फक्त फ्लेक्सचं काय करावं कळत नाही. उतरवला तर बोभाटा. ठेवला तर रोज माझ्याच तोंडासमोरून जायचं. फ्लेक्सवाला म्हणाला, राहू द्या आप्पा, वाढदिवसाचं गिऱ्हाईक आलं की आपोआप निघंल.

१४ मे
गेली. सकाळच्या नगर गाडीने. तिथून ज्ञानेश्वरीबरोबर मुंबई. अंगावर नेहमीची साडी, डोक्यावर पदर. मला वाटलं, धीर झाला नाही बाईचा. माझं ऐकलं.
स्टँडवर तिने दुकानाच्या किल्ल्या दिल्या. कुठल्या कपाटात काय ते सांगितलं. मी म्हणालो, मला सांगतेस? मग ती गाडीत चढली. खिडकीतून हात करेल म्हणून थांबलो. ती पलीकडच्या बाजूला बसली होती.

१५ मे, सकाळ
पांढरे कपडे धुतलेले नाहीत. ती गेल्यावर हे धुवायचे असतात हे लक्षात आलं नाही. टोपीसुद्धा मळकी. घरात स्वच्छ म्हणजे फक्त जहाजाचे कपडे. फुलाफुलांचा शर्ट, हाफ पँट घालून दुकान उघडलं. शटर अर्धंच वर केलं.
लोक वाकून आत बघतात. पहिला म्हणाला, गेला न्हाई व्हय? सांगितलं, उद्या निघतोय. दुसऱ्याला सांगितलं, जहाज बिघडलंय. तिसरा म्हणाला, मग वहिनी कशा गेल्या? त्याला बियाणं दिलं नाही.
सापडलंही नाही.

१५ मे, दुपार
काकासाहेब मुद्दाम आला. माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं, विचारलं, आप्पा, ही ट्रॉपिकल नाईट का? हसलो. माणसाने खिलाडूवृत्ती ठेवावी. तो गेल्यावर खुर्चीला लाथ मारली. चप्पल साधी, अंगठा सुजला.
कुठे कबूल करणार नाही, पण हाफ पँटमध्ये उकडत नाही. घामाने कांजी गेली. शर्ट आता अंगावर नीट पडतो. ह्या कपड्यात माणूस खरंच सुखी होत असेल. जहाज असायला हवं.

१६ मे
सुनीलने डीलर ग्रुपवर फोटो टाकले. रेलिंगला एक बाई उभी. निळा कुर्ता, पांढरी पँट, केस वाऱ्याने सगळे तोंडावर. ज्ञानेश्वरीच्या खांद्यावर हात, खदाखदा हसतेय. मला वाटलं कंपनीतली कुणी मॅडम. ही कोण ज्ञानेश्वरीबरोबर म्हणून फोटो मोठा केला.
मनकर्णा.
मागच्या दाढेला सोनेरी कॅप आहे. कधी बसवली? कुठे? कुणाबरोबर गेली होती? इतकी वर्षं रोज समोर बसून जेवते, आणि मला तिच्या तोंडातला दात माहीत नाही. इतकी हसताना मी तिला कधी पाहिलंच नाही. फार वाईट वाटलं. राग येईल म्हणून वाट पाहिली, आला नाही.
दुकानात बसलेला एक म्हातारा म्हणाला, वहिनी लई हसऱ्या हायेत हो. मी म्हणालो, पहिल्यापासूनच.
सगळ्यांनी ग्रुपवर काही ना काही लिहिलं होतं. मी पुष्कळ वेळ टाईप केलं, पुसलं. शेवटी लिहिलं, "छान दिसतेस." तिचं उत्तर लगेच आलं. हात जोडलेले.
चॅट वर सरकवून पाहिलं. काकासाहेबालाही तेच पाठवलंय.