बिनटाचेचा मोजा

नाशिक, गुरुवार, ता. १२ मार्च १९३६

तीर्थस्वरूप आत्याबाई यांच्या पायांशी शरयूचा नमस्कार. तुमचा गुडघा, काकांचा खोकला आणि मागच्या पत्रातले उंदीर या तिघांची चौकशी पुढे येईल. आधी घडले ते क्रमांकाने लिहिते, कारण परिच्छेदात लिहू लागले की मी त्यात बरी दिसू लागते.

१. मंगळवारी सकाळी साडेदहाला मी आबिदा शेख नावाच्या बाईंना मोजे विणण्याच्या यंत्रावर बसवले.
२. मोज्याची टाच कशी वळते ते मी त्यांना चाळीस मिनिटे सांगितले.
३. सांगताना यंत्राच्या दोन सुया मोडल्या. माझ्या हातून. त्या बदलल्या.
४. चिटणिसांनी मला बोलावले. जाताना मी म्हणाले, "मी येईपर्यंत फिरवत राहा."
५. त्या फिरवत राहिल्या.
६. मी आले तेव्हा मोजा सव्वादोन हात लांब होता. टाच नव्हती.
७. मी त्यांच्या अर्जावर लिहिले, 'कामास अपात्र. मदत बंद करावी.' खाली माझी सही आहे.

पहिल्या सहा कलमांना घरी सगळे पोट धरून हसले. सातवे मी घरी वाचून दाखवलेले नाही.

तुम्ही विचाराल की बडोद्याहून यंत्रविणकामाचा डिप्लोमा घेऊन आलेली मुलगी हे काय करत बसली आहे. (बाबाही विचारतात, फक्त जेवताना.) आमचे निराधार साहाय्य मंडळ आजवर गरजू बायकांना दरमहा थोडी रोख मदत देत असे. यंदा चिटणीस मोतीरामपंतांनी ठराव केला, की रोख मदत माणसाला बसवते आणि काम उभे करते. तेव्हा जी बाई अर्ज करील तिला काम शोधून द्यावे, आणि जिला ते जमणार नाही तिचे नाव यादीतून काढावे. मोतीरामपंत निवृत्त ओव्हरसियर आहेत आणि मंडळ अजून पूल बांधल्यासारखे चालवतात. ठराव मला पटला होता. अजूनही पटतो. काम शोधून देणारी मी आहे, एवढाच त्यात दोष आहे.

मी शास्त्रशुद्ध सुरुवात केली. चौदा प्रश्नांचा अर्ज छापून घेतला, बाबांचे घड्याळ मागून आणले, मिनिटाला किती टाके पडतात ते लिहायला रकाने आखले. तीन महिन्यांत एकोणीस बायका तपासल्या आणि एकीला काम मिळाले. त्या कुसाबाई. वय साठच्या आसपास, तोंड चोवीस तास चालू. त्यांना मी तेलाच्या घाण्यावर शेंगा फोडायचे काम मिळवून दिले असे अहवालात ठळक अक्षरांत आहे. प्रत्यक्षात त्या तिथे चार वर्षे शेंगा फोडतच होत्या. माझी शिफारसपत्राची चिठ्ठी घेऊन त्या गेल्या तेव्हा घाणेवाल्याने विचारले म्हणे, "मावशी, आज उशीर का?" आता सकाळचे काम संपले की त्या मंडळाच्या कचेरीत येऊन बसतात आणि मी बाकीच्या बायकांना कशी तपासते ते पाहतात. तो त्यांचा विरंगुळा आहे.

आबिदाबाई तुमच्याच येवल्याच्या. नवरा सलाउद्दीन पैठण्या विणायचा, दीड वर्षापूर्वी वारला. माग दिराकडे गेला. आबिदाबाई मुलीला घेऊन इथे भाऊ शफी याच्याकडे आल्या. शफी टांगा चालवतो, घरात माणसे सात. माझ्या अर्जातला नववा प्रश्न 'कोणते काम येते?' असा आहे. त्या म्हणाल्या, "काही नाही, ताई." मी म्हणाले, काहीतरी येत असेल. त्या म्हणाल्या, "मी तर घरातच असायची. काम तर हे करायचे." मी लिहिले: 'काही नाही'. (प्रश्न माझा, उत्तर त्यांचे, मध्ये मी एक अक्षरही घातले नाही. हा मी माझा गुण समजत होते.)

मग तो मोजा. आम्हाला देणगीत मिळालेले सूत इतके कच्चे आहे की एवढ्या लांबीत ते निदान दहा वेळा तुटायला हवे, आणि तुटलेले टोक सुयांपर्यंत गेले की सगळा मोजा यंत्रावरून गळून खाली पडतो. माझे सगळे मोजे असेच पडले आहेत. आबिदाबाईंचा पडला नाही. मोज्यात कुठेही गाठ नव्हती, म्हणून 'धागा किती वेळा तुटला' या रकान्यात शून्य आले. आत्याबाई, तुमच्या भाचीने त्या शून्याकडे पाहिले आणि समोर शेरा लिहिला, 'मोजणी संशयास्पद.'

काल बुधवारी कुसाबाई आल्या, मोजा उचलून गळ्यात घातला आणि म्हणाल्या, "ताई, ह्यो मोजा हाय का हत्तीची सोंड?" मी म्हणाले, लांबीचे राहू द्या, सूत एकदाही तुटले नाही हे नवल आहे. तर मंगळवारी मी नसताना तिथेच बसलेल्या त्या म्हणाल्या, "तुटलं नाय? लय वेळा तुटलं! बोटाखाली सूत तुटलं का ती तिथंच थांबायची, माझ्या डबीतली मिसरी बोटाला लावायची, अन् टोकाला टोक वळवून फिरवायला लागायची. माझी अर्धी डबी मिसरी गेली तिच्यापायी. ती काय मंडळ देनार का?"

मी सुताचे भिंग घेतले आणि मोज्याचा वीत न् वीत पाहिला. त्याला तास लागला. तेरा सांधे सापडले. डोळ्यांना एकही दिसत नाही, बोटाला एकही लागत नाही. बडोद्याला आम्हाला सूत जोडायला शिकवले होते. माझ्या जोडाला गाठ म्हणतात.

आबिदाबाईंना बोलावून घेतले. मी (आवाज चढवायचा नाही असे ठरवून, पण तो चढला) विचारले, तुम्हाला सांधता येते हे सांगितले का नाही? त्या गोंधळून माझ्याकडे पाहू लागल्या. "ते काय काम आहे, ताई? पैठणी उतरली की नव्या ताण्याचा एकेक उभा धागा जुन्याला जोडावा लागतो, तर घरची बाई जोडते. तुम्ही तर काम विचारलं." कुसाबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "तिनं चूल पेटवता येती असं बी नाय सांगितलं. तुमच्या कागदात त्याला जागा हाय का?" नाही. मी पाहिले.

यापुढचे लिहिताना मला पेन दोनदा खाली ठेवावे लागले. जानेवारीत मी कामाच्या शोधात जिल्ह्यातल्या तीसेक व्यापाऱ्यांना छापील पत्रे धाडली होती. तुमच्या शेजारचे पैठणीवाले वाल्मीकशेट यांचे उत्तर आले, ते असे: मोजे विणणाऱ्या बायका नकोत, पण रेशमाचा ताणा सांधणारा हात असेल तर कळवा, सलाउद्दीन गेल्यापासून तसा सांधा पाहिला नाही, दोन माग रिकामे उभे आहेत. हे पत्र मी 'निरुपयोगी उत्तरे' या फायलीत व्यवस्थित लावले. त्या दिवशी आबिदाबाई माझ्या समोर बसल्या होत्या. मी त्यांना म्हणालेसुद्धा, तुमच्या गावाहून पत्र आले आहे, पण आपल्या उपयोगाचे नाही. त्या म्हणाल्या, "जी."

काल ते पत्र मी त्यांना वाचून दाखवले आणि विचारले, सांधायचे कोण, ते की तुम्ही? त्यांनी मोजा उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाल्या, "विणायचे ते. नजर कमी झाली होती, बारीक धागा दिसायचा नाही. सांधायची मी. पण ताई, नाव त्यांचं झालं होतं. ते तसंच राहू द्या. शेटच्या दुकानात चारचौघांत असं वाचलं जायला नको."

म्हणून हे पत्र मंडळाच्या कागदावर नाही आणि वाल्मीकशेटना नाही. मी काही लिहिले तर ते नेमके लिहीन, आणि नेमके लिहिले की त्यातून एका मेलेल्या माणसाचे डोळे अधू झालेले दिसतील. ही गोष्ट कोणीतरी दाराशी उभे राहून, दुसरेच काही बोलता बोलता सांगायला हवी. ते मला येत नाही. तुम्हाला येते. 'सलाउद्दीनच्या घरची बाई आहे, त्याच्याच घरात हात बसलाय' एवढे म्हटले तर ते खरे आहे, आणि पुरे आहे.

शुक्रवारी ता. २० ला मंडळाची बैठक आहे. सातव्या कलमातली शिफारस तेव्हा मंजूर होईल. मोतीरामपंतांना मी भेटले. ते म्हणाले, सही केलेला शेरा माघारी घ्यायला आधार लागतो; काम देणाऱ्याचे पत्र आणा. शफीशी बोलले. तो भला माणूस आहे, नजर खाली ठेवून म्हणाला, "ताई, मदत थांबली तर मासूमाला शाळेतून काढावी लागेल. एका घरी भांड्यांना मुलगी हवी आहे, मी हो म्हणून बसलोय." मासूमा आबिदाबाईंची मुलगी, वय सात. तिला पाढे सोळापर्यंत येतात. (हे मी तपासले. तो प्रश्न अर्जात नव्हता.)

गुडघा कसा आहे? काकांचा खोकला? उंदीर?

तुमची भाची,
शरयू

ता. क. सोबत मोजा पाठवते. वाल्मीकशेटच्या हातात द्या आणि सांधे शोधायला सांगा. तेरा आहेत. भिंग देऊ नका. नंतर तो तुम्ही ठेवा. गुडघ्यावरून चढवला तर मांडीपर्यंत पोचेल. टाच नसल्यामुळे अडचण येणार नाही. मिसरीचा वास धुतल्यावर जाईल असे कुसाबाई म्हणतात.

ता. क. दुसरे. बैठकीसाठी दुरुस्तीचा कागद मी पाच वेळा लिहिला. पहिल्यात दोष यंत्राचा आहे, दुसऱ्यात सुताचा, तिसऱ्यात छापखान्याचा, चौथ्यात अर्जदाराच्या संकोचाचा. पाचव्यात 'तपासणाऱ्या व्यक्तीची चूक' असे आहे आणि खाली सही करायची राहिली आहे. तुमचे उत्तर काहीही आले तरी मी ती करीन. फक्त सहीने काम मिळत नाही.

ता. क. तिसरे. तार करू नका, तार पाहिली की बाबा आधी रडतात आणि मग वाचतात. वाल्मीकशेटच्या हातच्या दोन ओळी साध्या पाकिटात घालून पाठवा. बुधवारी ता. १८ च्या टपालाने उत्तर मिळावे.